शेतातील परजीवी माश्यांचे व्यवस्थापन: ओळख, मोजणी आणि उपाय

जनावराच्या अंगावर माश्या दिसल्या की हात पहिल्यांदा फवारणीच्या पंपाकडे जातो. त्या क्षणी दिसणाऱ्या माश्या मात्र संपूर्ण संख्येचा लहानसा भाग असतात, कारण अंडी, अळ्या आणि कोष शेणात, ओल्या चाऱ्यात, मातीत किंवा थेट जनावराच्या शरीरात असतात आणि फवारणीचा थेंब तिथपर्यंत पोहोचत नाही. या लेखातील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत: माशी कोणती आहे आणि तिची अळी कोठे वाढते हे आधी ठरवावे, तिथे काम करावे आणि औषध शेवटी, मोजून वापरावे. शेतात काही परजीवी माश्या पिकावरील अळ्या खाणाऱ्याही असतात. त्यांना कसे जपावे, हेही शेवटी दिले आहे.

पहिली पायरी: माशी ओळखणे

दिसायला सारख्या असलेल्या माश्यांचे जीवनचक्र इतके वेगळे असते की एकीवरचा उपाय दुसरीवर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. त्यामुळे दहा मिनिटे शांतपणे उभे राहून माश्या अंगाच्या कोणत्या भागावर बसतात आणि जनावर कसे वागते हे पाहावे.

चावरी माशी, म्हणजे स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स, आकाराने घरमाशीएवढीच असते, पण तिची टोकदार सोंड डोक्याच्या पुढे सरळ आलेली दिसते. ती मुख्यतः पायांवर बसते, तोंड वरच्या दिशेला ठेवते, काही मिनिटांत रक्त पिते आणि पचनासाठी भिंतीवर, कुंपणावर किंवा झाडाझुडपांवर जाऊन बसते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. जनावरे सतत पाय आपटत असतील, एकमेकांना चिकटून घोळका करत असतील किंवा पाण्यात जाऊन उभी राहत असतील, तर ही माशी असण्याची शक्यता मोठी आहे.

हॉर्न माशी, म्हणजे हिमॅटोबिया इरिटन्स, घरमाशीच्या साधारण निम्म्या आकाराची असते. खांदे, पाठ आणि कुशी ही तिची जागा असते, आणि कुशीवर बसताना तिचे तोंड बहुधा खाली असते. ती रात्रंदिवस जनावरावरच राहते, दिवसातून वीस ते चाळीस वेळा रक्त पिते आणि मादी केवळ ताज्या शेणावर अंडी घालण्यापुरती काही मिनिटे अंगावरून उठते. या एका सवयीमुळे तिचे व्यवस्थापन चावऱ्या माशीपेक्षा पूर्णपणे वेगळे होते.

घोडमाशी, म्हणजे टॅबॅनिडी कुळातील माशी, मोठी आणि मोठ्या डोळ्यांची असते. तिची फक्त मादी रक्त पिते. तिचा चावा कातडी फाडणारा असतो, तो लागताच जनावर झटका देते, आणि अर्धवट राहिलेले रक्तपान ही माशी शेजारच्या जनावरावर जाऊन पूर्ण करते. सर्रा या रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, नेमका याच मार्गाने एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, आणि चावरी माशीही त्यात सहभागी असते.

दुसरा गट अंगावर बसून रक्त न पिणाऱ्या, पण अळीरूपात शरीरात वाढणाऱ्या माश्यांचा आहे. स्क्रूवर्म या माशीची मादी जखमेच्या कडेला अंडी घालते आणि जखमेत आसड्या, म्हणजे तिच्या अळ्या, पडतात. हायपोडर्मा वंशातील माशीच्या अळ्या गुरांच्या शरीरातून प्रवास करून पाठीवर गाठी आणतात. मेंढीच्या नाकपुडीत जिवंत अळ्या सोडणारी माशी ईस्ट्रस ओव्हिस असते, तर घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर अंडी चिकटवणारी माशी गॅस्टेरोफिलस वंशातील असते. मेंढी डोके जमिनीकडे खाली घालून नाक लपवू लागली किंवा गाय माशीचा चावा नसतानाही शेपूट वर करून उधळली, तर याच गटाचा विचार करावा.

दुसरी पायरी: मोजणी

अंदाजाने घेतलेला निर्णय बहुतेक वेळा एकतर उशिरा येतो किंवा गरजेपेक्षा जास्त औषध खर्च करतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो ऊन असताना सकाळच्या उत्तरार्धात, दहा ते पंधरा जनावरांवरील माश्या मोजाव्यात आणि आकडा वहीत लिहावा. चावऱ्या माशीसाठी पाय मोजावेत, आणि सरासरी पायामागे पाच माश्या झाल्यास नुकसान सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. हॉर्न माशीसाठी पाठ आणि कुशी मोजाव्यात, आणि मांसासाठी पाळलेल्या चरणाऱ्या गुरांमध्ये एका जनावरावर सुमारे 200 माश्या हा उपाय सुरू करण्याचा प्रचलित टप्पा आहे. दुभत्या जनावरांत उपाय याहून कमी संख्येला सुरू करावा, कारण माश्यांचा त्रास वाढल्यावर खाणे आणि रवंथ दोन्ही कमी होतात.

दोनशे माश्या एकेक करून मोजणे शक्य नसते. पंचवीस माश्यांचा एक घोळका नजरेत बसवावा आणि असे किती घोळके आहेत ते मोजावे. प्रत्येक वेळी त्याच व्यक्तीने मोजल्यास चूक असली तरी ती सारखीच राहते, आणि आकडा वाढतो आहे की घटतो आहे हे खात्रीने कळते.

तिसरी पायरी: उत्पत्तिस्थान शोधणे

हे काम सर्वांत जास्त फळ देते, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गोठ्याचा, खताच्या ढिगाचा, चारा साठवणुकीचा आणि पाण्याच्या हौदांचा साधा नकाशा कागदावर काढावा. मग लहान फावडे घेऊन प्रत्येक ओलसर जागेची कड पाच ते दहा सेंटीमीटर खोल उकरून पाहावी. मधल्या ओल्या चिखलात किंवा वरच्या कोरड्या थरात अळ्या फारशा सापडत नाहीत. त्या दोहोंच्या मधल्या, हाताला दमट लागणाऱ्या पट्ट्यात पांढरट अळ्या आणि तांबूस-तपकिरी कोष सापडतात. जिथे सापडतील तिथे नकाशावर खूण करावी.

चावऱ्या माशीला शुद्ध शेणापेक्षा कुजणारा वनस्पतिजन्य पदार्थ आणि मूत्र यांचे मिश्रण अधिक आवडते. म्हणून गव्हाणीच्या पायथ्याशी सांडलेली वैरण, मूरघासाच्या खड्ड्याची कड, गळक्या हौदाभोवतीचा चिखल, गवताचे गठ्ठे खायला ठेवण्याची कायमची जागा आणि वासरांच्या खोपटातील पेंढ्याचा अंथरलेला थर ही तिची प्रमुख ठिकाणे असतात. यातही वासरांचा पेंढा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, कारण वरून तो स्वच्छ दिसतो आणि खालचा थर आठवडेच्या आठवडे हलवला जात नाही.

हॉर्न माशीसाठी असा शोध लागत नाही. ती चराईच्या रानात, न विस्कटलेल्या ताज्या शेणाच्या पोवट्यातच वाढते. गोठ्याचा उकिरडा कितीही साफ केला तरी तिची संख्या कमी होत नाही, आणि पहिल्या पायरीतील ओळख इथेच कामी येते. घोडमाशीच्या अळ्या दलदलीच्या, पाणथळ जमिनीत वाढतात आणि त्या जागेवर शेतकऱ्याचे फारसे नियंत्रण नसते. तिच्यासाठी सापळा आणि जनावरांना सावलीत किंवा बंदिस्त जागेत ठेवणे हेच व्यवहार्य उपाय आहेत.

चौथी पायरी: ओल मोडणे

उष्ण हवामानात घरमाशीची पिढी सात ते दहा दिवसांत आणि चावऱ्या माशीची पिढी सुमारे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. म्हणून खुणा केलेली प्रत्येक जागा आठवड्यातून किमान एकदा पूर्णपणे साफ करावी. दोन सफाईंमधील अंतर पिढीच्या काळापेक्षा कमी राहिले पाहिजे. महिन्यातून एकदा केलेली मोठी सफाई, कितीही कष्टाची असली तरी, मधल्या काळात एक संपूर्ण पिढी उडून जाऊ देते.

काढलेले शेण आणि पेंढा यांचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे ते उन्हात पातळ थरात पसरून लवकर वाळवणे. ढेकळे राहिली तर आतली ओल टिकते, म्हणून पसरणे बारीक असावे. दुसरा मार्ग म्हणजे नीट रचलेला कंपोस्टचा ढीग. ढिगाच्या आत 55 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की अळ्या मरतात, पण जिवंत अळ्या उष्णतेपासून पळून बाहेरच्या थंड थरात सरकतात. म्हणून ढीग पलटून बाहेरचा थर आत घ्यावा लागतो, किंवा संपूर्ण ढीग प्लास्टिकच्या कागदाने कडांपर्यंत घट्ट झाकावा लागतो. न पलटलेला आणि न झाकलेला ढीग हा माश्यांसाठी उत्तम निवारा असतो.

यासोबत काही छोटी कामे न चुकता करावीत. हौदाची गळती थांबवावी, गोठ्याभोवतीचे पाणी चराने बाहेर काढावे, गवताचे गठ्ठे खाऊ घालण्याची जागा बदलत राहावी आणि वासरांच्या खोपटात उष्ण हंगामापुरता पेंढ्याऐवजी लाकडाचा भुसा, वाळू किंवा खडी वापरावी. थंडीत वासरांना ऊब लागते, तेव्हा पेंढा पुन्हा घालता येतो.

कोंबड्यांच्या शेडमध्ये नियम थोडा वेगळा आहे. तिथे कोरड्या खताचा सारा थर एकदम काढला तर माश्यांची अंडी आणि अळ्या खाणारे माइट (कोळ्यासारखे सूक्ष्म जीव) व भुंगेरेही निघून जातात, आणि ताज्या विष्ठेत माश्या प्रथम परततात. म्हणून खत काढताना तळाशी सुमारे दहा सेंटीमीटर कोरडा जुना थर ठेवावा, किंवा शेडचे भाग आळीपाळीने साफ करावेत.

पाचवी पायरी: नैसर्गिक शत्रूंना काम करू देणे

चराईच्या रानात हॉर्न माशीविरुद्ध सर्वांत मोठे काम शेणकिडे करतात. ते पोवटा एक-दोन दिवसांत फोडून जमिनीत नेतात आणि अळीला वाढायला जागाच उरत नाही. ऑस्ट्रेलियातील स्थानिक शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते, आणि गुरांचे ओले शेण रानात तसेच पडून राहत असे. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने तेथील सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने 1960 च्या दशकापासून इतर खंडांतील शेणकिडे आणून सोडले. त्यामागे जमिनीची सुपीकता आणि शेणात वाढणाऱ्या माश्यांचे नियंत्रण हे दोन्ही हेतू होते.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आयव्हरमेक्टिनसारखे जंतनाशक दिल्यावर त्याचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि ते शेण शेणकिड्यांच्या अळ्यांना काही आठवडे विषारी राहते. संपूर्ण कळपाला सवयीने, शेणकिडे सर्वाधिक सक्रिय असतानाच हे औषध दिले, तर माश्यांचा सर्वांत चांगला शत्रू आपणच नष्ट करतो. ज्या जनावरांना जंतांमुळे खरोखर गरज आहे त्यांनाच औषध द्यावे आणि औषध दिलेली जनावरे काही दिवस मुख्य चराईपासून वेगळी ठेवावीत.

गोठ्यातील चावऱ्या माशीसाठी आणि घरमाशीसाठी स्पॅलँजिया आणि म्युसिडिफ्युरॅक्स या वंशांतील सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या सोडता येतात. त्या माणसाला किंवा जनावराला दंश करत नाहीत. त्यांची मादी माशीचा कोष शोधून त्यात अंडे घालते. त्या विकत घेताना प्रजाती विचारून घ्यावी, कारण काही ठिकाणी विकली जाणारी नॅसोनिया व्हिट्रिपेनिस ही प्रजाती गोठ्यातील माश्यांवर फारशी परिणामकारक नाही. सोडणे हंगामाच्या सुरुवातीलाच, माश्या वाढण्याआधी, सुरू करावे, दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावे आणि नकाशावर खूण केलेल्या जागांजवळच करावे. हा उपाय सफाईला पूरक आहे. ओल तशीच असेल तर या गांधीलमाश्या मागे पडतात, आणि शेणावर कीटकनाशक फवारले तर त्या मरतात. चराईच्या रानातील हॉर्न माशीवर त्यांचा उपयोग फार कमी होतो.

सहावी पायरी: सापळे

चावऱ्या माशीला आणि घोडमाशीला निळा व काळा रंग आकर्षित करतो. निळे-काळे कापड आणि पांढरी जाळी यांपासून बनवलेला एन्झी सापळा या दोन्ही माश्यांना पकडतो. तो जमिनीलगत, उन्हात, गवताने न झाकलेल्या जागी, उत्पत्तिस्थान आणि गोठा यांच्या मध्ये उभा करावा. गोठ्याच्या आत ठेवलेल्या सापळ्याला जनावरांच्या वासाशी स्पर्धा करावी लागते.

हॉर्न माशी अंगावरून उठत नसल्याने अशा सापळ्यात येत नाही. तिच्यासाठी जनावराला एका बोळातून चालवणारा सापळा लागतो. त्यात लटकलेल्या कापडी पट्ट्या पाठ आणि कुशी घासतात, उडालेल्या माश्या प्रकाशाकडे जातात आणि बाजूच्या जाळीदार कप्प्यांत अडकतात. डब्ल्यू. जी. ब्रूस यांनी 1938 मध्ये प्रसिद्ध केलेला हा आराखडा आजही उपयोगी पडतो. पाण्याच्या किंवा दूध काढण्याच्या वाटेवर तो बसवला की जनावरे रोज आपोआप त्यातून जातात. सुरुवातीचे काही दिवस पट्ट्या न लावता नुसता सांगाडा ठेवावा, म्हणजे जनावरे बुजत नाहीत.

सातवी पायरी: औषध

मोजणीचा आकडा टप्प्याच्या वर गेला आणि सफाई प्रत्यक्षात झाली असेल, तेव्हाच औषधाचा विचार करावा. हॉर्न माशी सतत अंगावर असल्याने पाठीवर ओतायचे औषध, औषधी पोत्याखालून जाण्याची व्यवस्था किंवा कानातील औषधी बिल्ले तिच्यावर चांगले काम करतात. चावरी माशी मात्र दिवसातून एक-दोनदाच, काही मिनिटे, तेही पायांच्या खालच्या भागावर बसते. तिथे औषध ओल्या गवताने आणि चिखलाने धुऊन जाते, म्हणून तिच्यावर औषधाचा परिणाम अल्पकाळ टिकतो.

प्रतिकारक्षमतेचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. पायरेथ्रॉइड या कीटकनाशक गटाचे कानातील बिल्ले 1980 च्या सुमारास वापरात आले, आणि काही वर्षांतच अनेक ठिकाणच्या हॉर्न माश्या त्यांना दाद देईनाशा झाल्या. म्हणून दरवर्षी औषधाचा गट बदलावा. केवळ व्यापारी नाव बदलून उपयोग नाही, घटकाचा गट बदलला पाहिजे. बिल्ले हंगाम सुरू होण्याच्या खूप आधी लावू नयेत आणि हंगाम संपताच काढून टाकावेत, कारण संपत आलेल्या बिल्ल्यातून झिरपणारी कमी मात्रा प्रतिकारक माश्या निवडण्याचे काम करते. दुभत्या जनावरांसाठी औषधाला परवानगी आहे का आणि दूध किती काळ वापरायचे नाही, हे वेष्टनावर वाचून पशुवैद्यकाशी बोलूनच औषध वापरावे.

जखमा, गाठी आणि नाकातील अळ्या

स्क्रूवर्मच्या बाबतीत वेळ फार कमी असतो. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, अळ्या जिवंत मांस खात आत जातात आणि साधारण पाच ते सात दिवसांनी जमिनीवर पडून मातीत कोष करतात. गोचिडाच्या चाव्याएवढी लहान जखम किंवा नवजात वासराची ओली नाळ एवढेही मादीला पुरते. म्हणून शिंगे काढणे, खच्चीकरण आणि कानात बिल्ले टोचणे ही कामे माश्या कमी असलेल्या काळात करावीत, नाळेला जन्मताच आयोडीन लावावे आणि उष्ण काळात प्रत्येक जनावराची अंगतपासणी दोन-तीन दिवसांनी करावी. आसड्या सापडल्यास त्या चिमट्याने सर्व काढून जखम स्वच्छ करावी आणि पुढील औषध पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. काढलेल्या अळ्या जमिनीवर टाकू नयेत, कारण त्या तिथेच कोष करतील. काही अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवून तपासणीसाठी द्याव्यात, विशेषतः जिथून ही माशी हटवली गेली आहे अशा प्रदेशात, कारण तिथे एक नमुनाही अधिकाऱ्यांना तातडीने कळवायचा असतो.

प्रदेशाच्या पातळीवर या माशीविरुद्ध वंध्य नर सोडण्याची पद्धत यशस्वी झाली आहे. मादी बहुधा एकदाच मीलन करते, त्यामुळे वंध्य नराशी जुळलेल्या मादीला पिल्ले होत नाहीत; या गोष्टीवर कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी ती उभी केली, आणि 1954 मध्ये कॅरिबियनमधील कुरासाव बेटावरून माशी त्याच मार्गाने हटवण्यात आली. पुढे 1988 मध्ये लिबियात नव्या जगातील, म्हणजे मूळच्या अमेरिका खंडांतील, स्क्रूवर्म आढळल्यावर तिथेही हीच पद्धत वापरून ती नष्ट करण्यात आली. एका शेतकऱ्याला हे शक्य नसते, पण जखमांची तपासणी आणि वेळेवर दिलेली माहिती याच मोहिमांचा पाया असते.

हायपोडर्माच्या उपचारात तारखेचे महत्त्व औषधाइतकेच आहे. अंडी पायांच्या केसांवर असतात, अळ्या कातडीतून आत शिरतात आणि पाठीवर येण्यापूर्वी हायपोडर्मा बोव्हिसच्या अळ्या मणक्याच्या पोकळीत, तर हायपोडर्मा लिनिएटमच्या अळ्या अन्ननलिकेच्या भिंतीत काही काळ थांबतात. नेमक्या त्या काळात औषध दिले, तर तिथे मरणाऱ्या अळ्यांमुळे सूज येऊन मागचे पाय लुळे पडू शकतात किंवा पोट फुगू शकते. म्हणून माशीचा उडण्याचा हंगाम संपताच, अळ्या तिथे पोहोचण्याआधी, औषध द्यावे. घोड्याच्या पायावरील अंडी बोथट सुरीने खरवडून काढावीत. मेंढ्यांत शेपटीखालची ओली, मळकी लोकर कापल्यास ल्युसिलिया माशीला अंडी घालायला जागा राहत नाही, आणि लोकरीतच आयुष्य काढणारी मेलोफॅगस ओव्हिनस ही पंखहीन माशी कातरणीनंतर मोठ्या प्रमाणात कमी होते.

पिकाच्या बाजूने: मित्र परजीवी माश्या

टॅकिनिडी कुळात 8,000 हून अधिक ज्ञात प्रजाती आहेत आणि त्यांच्या अळ्या इतर कीटकांच्या शरीरात वाढून त्यांना मारतात. 1925 मध्ये फिजी बेटांवर नारळाची पाने खाणाऱ्या लेव्हुआना पतंगाविरुद्ध बेसा रेमोटा ही माशी आणली गेली आणि पतंगाचा उपद्रव थोड्याच काळात आटोक्यात आला. मात्र याच कुळातील कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा 1906 पासून उत्तर अमेरिकेत सोडली गेली, आणि तिने लक्ष्य पतंगाबरोबर स्थानिक रेशमी पतंगांसह शेकडोच्या घरातील इतर प्रजातींवरही हल्ला केला. रेशीमकीटक पाळणाऱ्यांसाठी तर उझी माशी, म्हणजे याच कुळातील एक्झोरिस्टा, थेट शत्रू असते. संगोपनगृहाच्या खिडक्या-दारांना बारीक जाळी लावून तिला बाहेरच ठेवावे लागते. या कारणांमुळे बाहेरून माश्या आणून सोडण्यापेक्षा शेतात आधीच असलेल्या माश्या वाढवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

त्यासाठी प्रौढ माश्यांना मधुरस लागतो. बांधावर कोथिंबीर, शेपू, बडीशेप किंवा गाजर यांची काही झाडे फुलावर येऊ द्यावीत. गोठ्यासाठीचे कीटकनाशक वाऱ्यासोबत पिकावर जाऊ देऊ नये. पिकावरील अळीच्या डोक्यामागे पांढरे, अंडाकृती ठिपके दिसल्यास ती अळी चिरडू नये, कारण तिच्यात माशी वाढते आहे. पांढरे ठिपके नसले तरी अळी निरोगी आहे असे म्हणता येत नाही. काही प्रजाती पानांवर अतिसूक्ष्म अंडी घालतात आणि ती अळीच्या खाण्यातून पोटात जातात.

म्हणून फवारणीचा निर्णय घेण्याआधी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून वीस-तीस मोठ्या अळ्या गोळा कराव्यात, त्यांना जाळीच्या झाकणाच्या डब्यात त्याच पिकाची पाने घालून ठेवावे आणि त्यांतून पतंग किती निघतात व तपकिरी, गुळगुळीत, पिंपाच्या आकाराचे माशीचे कोष किती मिळतात ते पाहावे. निम्म्याहून अधिक अळ्यांतून माश्या निघत असतील आणि पिकाचे नुकसान सहन करण्याजोगे असेल, तर फवारणी थांबवून पुढच्या आठवड्यात पुन्हा तितक्याच अळ्या गोळा कराव्यात. डब्यातून निघालेल्या माश्या त्याच शेतात, फुलांजवळ सोडून द्याव्यात.